अनुभव हवेत: घरच्यांची गाडी काही काळ बंद कशी ठेवलीत?

विस्मरण, फिट, दारू, काहीही कारण असो, ज्याने गाडी चालवू नये असा माणूस घरात आहे आणि किल्ली लपवून भागत नाही. तुम्ही काय केलंत? फक्त गाडी सुरूच होणार नाही असे उपाय लिहा. ब्रेक, चाकं, स्टिअरिंगला हात लावू नका. नाहीतर गाडी निघेल आणि रस्त्यात दगा देईल.

*

बाबांना डिमेन्शिया आहे. किल्ली दिसली नाही की घर डोक्यावर घ्यायचे, आईवर चोरीचा आळ यायचा. शेवटी किल्ली जागेवरच ठेवली आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. आमच्या गाडीला दहा नंबरचा पाना लागला. केबल ताठ असते, सोडली की परत टर्मिनलला टेकते; म्हणून टोक सुक्या कापडात गुंडाळून बाजूला बांधलं. बाबा किल्ली फिरवतात, डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. "बॅटरी गेली वाटतं," म्हणत आत येतात. राग गाडीवर निघतो, आईवर नाही. मला तेवढंच हवं होतं.

नेहमीच्या मेकॅनिकला मात्र आधीच सांगून ठेवा, कारण बाबा त्याला फोन करतातच. आमचा "काका, पार्ट मागवलाय" एवढंच म्हणतो. रिमोटने दार उघडत नाही, किल्लीच लागते. घड्याळ पुन्हा लावावं लागतं.

*

सासऱ्यांना गाडीतलं सगळं कळतं, सुटलेली केबल त्यांनी लगेच बसवली असती. आम्ही फ्यूज बॉक्समधला फ्युएल पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा छोटा स्विच) काढला; जागा झाकणाच्या आतल्या नकाशावर सापडली. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. पण इंधनाच्या लाइनमध्ये उरलेल्या प्रेशरवर ते क्षणभर चालू शकतं, म्हणून रिले काढल्यावर स्वतः स्टार्टर मारून खात्री करा.

*

पुश बटनवाल्यांनी रिमोटमधला सेल काढून निश्चिंत राहू नये. रिमोट बटनाला टेकवला की बऱ्याच गाड्या सुरू होतात. इमोबिलायझरच्या (गाडीने किल्ली ओळखण्याच्या यंत्रणेच्या) चिपला सेल लागत नाही.

*

दादा पितो. त्याची गाडी, सज्ञान माणूस. त्याच्या पाठीमागे काही करणं मला पटेना. सकाळी शुद्धीवर असताना बोललो, तो स्वतःच हो म्हणाला. बॅटरीला कट-ऑफ स्विच (वीज तोडणारा) बसवला. संध्याकाळी घरी आला की नॉब फिरवून काढतो आणि वहिनीच्या हातात देतो. घेताना नॉब निघणाराच घ्या.