कर्नल पॅच: दुरुस्तीची माहिती कोडमध्ये लिहायची की कमिट मेसेजमध्ये?

प्रश्न (नवा_मॉड्यूल):
लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एका एसपीआय (चिप जोडायची बस) ड्रायव्हरसाठी पॅच (कोडमधला बदल) पाठवलाय. बग असा: ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमध्ये बफर केफ्री होतो (त्याची मेमरी मोकळी होते), पण इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) डेव्हएमने, म्हणजे घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणाऱ्या सोयीने, घेतलेला असल्यामुळे इंटरप्ट रिमूव्ह संपल्यावरच सुटतो. मधल्या फटीत इंटरप्ट आला की हँडलर (त्याला उत्तर देणारं फंक्शन) मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लावतो. आता बफरही डेव्हएमने घेतलाय, इंटरप्ट मागण्याच्या आधी. जुन्या ओळी '#इफ ०' मध्ये (कंपाइलरने वगळायचा भाग) ठेवल्या आणि वर नाव, तारीख, बग नंबर टाकला. रिव्ह्यूत "हे सगळं काढा" असं आलं. मग ही माहिती ठेवायची कुठे?

उत्तर १ (ब्लेमवाचक):
रिव्ह्यूअरचं बरोबर आहे. कोणी, कधी, आधी काय होतं, हे गिटकडे (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली) आहेच. '#इफ ०' मधला कोड कंपाइल होत नाही, त्यामुळे दोन-चार रिलीजनंतर तो धड जुनाही राहत नाही.

कॉमेंट लिहायची की नाही, याची कसोटी एकच: पुढचा माणूस ही ओळ बेधडक हलवेल आणि बग परत येईल, असं आहे का? तुमच्याकडे नेमकं तेच आहे. बफरची ओळ कोणीही "वाचायला बरं" म्हणून इंटरप्टच्या खाली नेईल. म्हणून तिथे इंग्रजीत दोन ओळी हव्यात, आशय असा:

/*
 * इंटरप्टच्या आधी घ्या: डेव्हएम उलट्या क्रमाने सोडतं,
 * आणि हँडलर हा बफर वापरतो.
 */

यात "दुरुस्त केलं" हा शब्द नाही. कॉमेंटमध्ये आजचा नियम लिहायचा. कालची चूक कमिट मेसेजमध्ये (गिटमध्ये बदल, म्हणजे कमिट, नोंदवताना लिहायचा मजकूर). तिथे क्रम साधारण असा: काय बिघडतं आणि कोणाला दिसतं (मॉड्यूल काढताना यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे मोकळी झालेली मेमरी वापरणं), का बिघडतं, आणि हाच उपाय का. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. रिमूव्हमध्ये आधी हाताने इंटरप्ट सोडूनही चाललं असतं. ते का केलं नाही, हे एका वाक्यात सांगा. मजकूर ७५ कॉलममध्ये, क्रियापदं आज्ञार्थी.

उत्तर २ (स्टेबलकट्टा):
'फिक्सेस' टॅग (बग कुठल्या कमिटने आणला ते सांगणारी ओळ) विसरू नका. कमिट हॅशची (कमिटचा ओळख-क्रमांक) किमान पहिली १२ अक्षरं, पुढे कंसात आणि अवतरणचिन्हांत त्या कमिटची विषय-ओळ. कितीही लांब झाली तरी ओळ तोडायची नाही. ७५ कॉलमचा नियम इथे लागू नाही, कारण हे टॅग स्क्रिप्ट वाचतात. गिट कॉन्फिगमध्ये 'कोअर.अॅब्रेव्ह' १२ करून ठेवा.

खरी गोची कुठला कमिट द्यायचा यात आहे. केफ्रीच्या ओळीवर गिट ब्लेम (ओळ शेवटी कुठल्या कमिटने बदलली ते दाखवणारी आज्ञा) चालवलंत तर निरपराध कमिट सापडेल. पूर्वी फ्री-आयआरक्यू (इंटरप्ट सोडणारं फंक्शन) हाताने, केफ्रीच्या आधी होत असेल, तर तेव्हा बग नव्हताच. कोणीतरी "सफाई" म्हणून इंटरप्ट डेव्हएमवर नेला, तिथे बग शिरला. गिट लॉगला '-एस' देऊन डेव्हएम-रिक्वेस्ट-आयआरक्यू (डेव्हएमने इंटरप्ट मागणारं फंक्शन) हे नाव त्या फाइलमध्ये कधी आलं ते शोधा. खूप जुन्या कोडमध्ये हा माग एप्रिल २००५ च्या २.६.१२-आरसी२ या कर्नल आवृत्तीवर येऊन थांबतो, कारण गिटमधला इतिहास तिथूनच सुरू होतो. मग तोच कमिट द्यायचा.

नुसत्या 'फिक्सेस'ने पॅच स्टेबलमध्ये (आधीच्या रिलीजना दुरुस्त्या पुरवणाऱ्या शाखा) जाईलच असं नाही. जायला हवा असेल तर स्टेबलच्या पत्त्याची 'सीसी' ओळ वेगळी टाका.

उत्तर ३ (पेअर्सविथ):
वरच्या कसोटीला एक पुरवणी. मेमरी बॅरिअर (मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम पाळायला लावणारी सूचना) घातलात तर कॉमेंट हवीच. नसेल तर चेकपॅच (पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) इशारा देतं. "इथे बॅरिअर आहे" एवढं लिहून उपयोग नाही, समोरचा जोडीदार बॅरिअर कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते लिहा. हार्डवेअरच्या चुकांचंही तसंच. कॉर्टेक्स-ए५३ प्रोसेसरच्या ८४३४१९ क्रमांकाच्या चुकीसाठी केकॉन्फिगमध्ये (कर्नल बांधतानाचे पर्याय) स्वतंत्र पर्याय आहे आणि एआरएम६४ च्या सिलिकॉन-एराटा (चिपमधल्या चुका) तक्त्यात नोंदही. चिपमधला बग गिट लॉग वाचून समजत नाही.

नवा_मॉड्यूल:
कळलं. ऊप्सचा (कर्नलमधल्या गंभीर चुकीचा) लॉग पूर्ण द्यायचा का? आणि व्ही२ मध्ये (पॅचची दुसरी आवृत्ती) काय बदललं ते कुठे लिहायचं?

ब्लेमवाचक:
लॉग छाटून. टाइमस्टॅम्प, रजिस्टर, मॉड्यूलची यादी, स्टॅकचा डंप उडवा. केएसॅनची (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) मुख्य ओळ आणि कॉल ट्रेसमधली कामाची फंक्शनं ठेवा. व्ही२ चे बदल साइन-ऑफनंतरच्या (पॅच पाठवणाऱ्याच्या नावाची ओळ) तीन डॅशच्या खाली. तिथलं गिट-एएम (ईमेलमधला पॅच लावणारी आज्ञा) टाकून देतं, इतिहासात जात नाही. बग कोणी कळवला असेल तर 'रिपोर्टेड-बाय', आणि लगेच खाली 'क्लोजेस'मध्ये त्या रिपोर्टची लिंक.

सीव्हीई नंबरासाठी (सुरक्षेच्या त्रुटीचा जाहीर क्रमांक) अडून बसू नका. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची टीम स्वतः नंबर देते, तेही दुरुस्ती स्टेबलमध्ये गेल्यावर.