एन्झाइम कायनेटिक्स: केएम, व्हीमॅक्स, इनहिबिशन कुठल्या क्रमाने वाचू?

रानफूल:
मंडळी, बायोकेमच्या अभ्यासात एन्झाइम्सपाशी गाडी अडलीये. ऍक्टिव्ह साइट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, म्हणजे सबस्ट्रेट, जिथे बसतं ती जागा), ऍक्टिव्हेशन एनर्जी इथवर ठीक होतं, पण पुढे सगळं पाठांतरच होतंय. कॉम्पिटिटिव्ह इनहिबिशनमध्ये (एन्झाइमला अडवण्याचा एक प्रकार) केएम, म्हणजे निम्म्या वेगाला लागणारं सबस्ट्रेट, वाढतो, नॉनकॉम्पिटिटिव्हमध्ये व्हीमॅक्स, म्हणजे कमाल वेग, घटतो, अनकॉम्पिटिटिव्हमध्ये दोन्ही घटतात, हे तोंडपाठ आहे पण "का?" विचारलं की बोलती बंद. आधी समीकरण करू की ग्राफ? आणि रेग्युलेशन (पेशी एन्झाइमचा वेग कसा ताब्यात ठेवते) कधी घेऊ?

टिपकागद:
ग्राफ नंतर, आधी वही घ्या आणि आकडे घालून बघा. वेग म्हणजे व्हीमॅक्स गुणिले सबस्ट्रेट, भागिले केएम अधिक सबस्ट्रेट, एवढंच १९१३ चं मायकेलिस-मेंटेन समीकरण. समजा व्हीमॅक्स १०० आणि केएम २ मिलिमोलर. सबस्ट्रेट २ असेल तर वेग ५०, १८ केलं तर ९०, म्हणजे सबस्ट्रेट नऊपट केलं तरी वेग दुप्पटसुद्धा झाला नाही, वक्र सपाट का होत जातो ते इथेच कळतं. आता कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर घाला, इतका की केएम दुप्पट दिसेल, म्हणजे ४. सबस्ट्रेट २ ला वेग ३३ वर येतो पण ३६ ला परत ९०, कारण दोघांची बसायची जागा एकच आहे आणि सबस्ट्रेट भरपूर झालं की ते इनहिबिटरला हटवतं. नॉनकॉम्पिटिटिव्हमध्ये निम्मं एन्झाइम कामातून गेलं असं धरा, मग २ ला २५, ३६ ला ४७ आणि कितीही सबस्ट्रेट ओतलं तरी ५० च्या वर जाणार नाही. हे हाताने केलंत की कोष्टक पाठ करावं लागत नाही, खरंच करून बघा.

अर्धविराम:
+१, फक्त एक भर. नॉनकॉम्पिटिटिव्हमध्ये केएम तसाच राहतो तो इनहिबिटर मोकळ्या एन्झाइमला आणि ईएस कॉम्प्लेक्सला (एन्झाइम-सबस्ट्रेटची जोडी) सारखाच चिकटत असेल तरच, नाहीतर ते मिक्स्ड इनहिबिशन. अनकॉम्पिटिटिव्हवाला फक्त ईएसलाच धरतो. ईएस असा अडकून पडला की तोल सावरायला आणखी एन्झाइम सबस्ट्रेटला धरतं, म्हणून केएम कमी दिसतो, पण अडकलेल्यातून प्रॉडक्ट निघत नाही म्हणून व्हीमॅक्सही पडतो. दोन्ही एकाच प्रमाणात घटतात, त्यामुळे लाइनवीव्हर-बर्क प्लॉटवर (१/वेग विरुद्ध १/सबस्ट्रेट) समांतर रेषा येतात. तो प्लॉट प्रकार ओळखायला शिकाच, पण केएम काढायला वापरू नका, कमी सबस्ट्रेटच्या रीडिंगमधली बारीकशी चूक व्यस्त घेतल्यावर प्रचंड फुगते. त्यासाठी सरळ कॉम्प्युटरवर नॉनलिनिअर फिट करा, म्हणजे मूळ वक्रच रीडिंगवर बसवा.

चांदणवेल:
औषधांची उदाहरणं जोडून वाचा, छान लक्षात राहतं. मिथेनॉलची विषबाधा झाली की फोमेपिझोल देतात, ते अल्कोहोल डीहायड्रोजनेजला कॉम्पिटिटिव्ह पद्धतीने अडवतं आणि घातक फॉर्मिक ऍसिड तयार होणं थांबतं. ऍस्पिरिनची तऱ्हा वेगळी, ते सायक्लोऑक्सिजनेजच्या सेरीनवर ऍसिटाइल गट कायमचा बसवतं. प्लेटलेटला न्यूक्लियस नसतो, नवं एन्झाइम जवळपास बनतच नाही, म्हणून परिणाम तिच्या आयुष्यभर टिकतो.

रेग्युलेशन शेवटी घ्या आणि सुरुवात हेक्सोकायनेज-ग्लुकोकायनेजच्या जोडीने करा, दोन्ही ग्लुकोजला फॉस्फेट जोडतात. हेक्सोकायनेजचा केएम ०.१ मिलिमोलरच्या आसपास, रक्तात ग्लुकोज साधारण ५, म्हणजे ते कायम जवळजवळ पूर्ण वेगात असतं आणि त्याला लगाम घालतं ते त्याचंच प्रॉडक्ट, ग्लुकोज-६-फॉस्फेट. यकृतातलं ग्लुकोकायनेज ८ च्या आसपास अर्ध्या वेगाला पोचतं, त्यामुळे जेवणानंतर साखर चढली की त्याचा वेगही चढतो. मग पीएफके (फॉस्फोफ्रक्टोकायनेज, ग्लुकोज मोडण्याच्या वाटेवरचं एन्झाइम) घ्या, तिथे एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, सबस्ट्रेटही आहे आणि दुसऱ्या जागी बसून ब्रेकही लावतो, एएमपी (ऊर्जा कमी पडल्याची खूण) वाढला की तो ब्रेक सुटतो.

रानफूल:
टिपकागद, आकडे घालून केलं आणि कॉम्पिटिटिव्ह एकदम क्लिअर झालं, मनापासून आभार! अनकॉम्पिटिटिव्ह आज करते. एक शंका, ग्लुकोकायनेजचा वक्र एस आकाराचा दाखवतात, पण त्याला सबयुनिट (प्रथिनाची साखळी) एकच आहे ना? मग कोऑपरेटिव्हिटी, म्हणजे एक रेणू बसला की पुढचा सोपा बसणं, कुठून?

अर्धविराम:
भारी प्रश्न. ते एन्झाइम दोन आकारांत असतं, एक ग्लुकोजला घट्ट धरणारा आणि एक ढिला, आणि एकातून दुसऱ्यात जायला वेळ घेतं. ग्लुकोज भरपूर असेल तर ते ढिल्या आकारात परतण्याआधीच पुढचा ग्लुकोज येऊन बसतो, म्हणून वेग एकदम चढतो. पण हे ऍलोस्टेरिक (दुसऱ्या जागेवरून होणारं नियंत्रण) झाल्यावरच वाचा, आत्ता नको.