हातकाम पुढे सरकतच नाही असे वाटते. मोजमाप कसे ठेवावे?

सुईदोरा :
सध्या माझ्या हाती तीन कामे आहेत. दुहेरी पलंगासाठी हाताने शिवायची गोधडी, भिंतीवर लावण्यासाठी फुलापानांचे भरतकाम आणि मानेपाशी मोजक्या टाक्यांनी सुरू होऊन दोन्ही बाजूंना वाढत जाणारी त्रिकोणी शाल. रोज थोडा वेळ मी नेमाने देते, तरी कोणतेच काम पुढे गेल्यासारखे दिसत नाही. शाल आरंभी भराभर वाढली, आता मात्र बराच वेळ विणूनही लांबीत बोटभर फरक पडत नाही. भरतकामात एका पाकळीतच संध्याकाळ सरते. वेग वाढवण्याचे काही उपाय आहेत, की मी प्रगती मोजते तीच पद्धत सदोष आहे? शिवाय, दोन कामे काही काळ बाजूला ठेवायची झाल्यास ती खराब होऊ नयेत म्हणून काय काळजी घ्यावी?

उलटसुलट :
शालीपुरते सांगायचे तर आपला वेग मुळीच मंदावलेला नाही. अशा शालीत दर दोन ओळींना काही टाके वाढतात, त्यामुळे प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळींपेक्षा लांब होत जाते. शाल अर्ध्या उंचीला पोहोचते तेव्हा एकूण टाक्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा विणून झालेला असतो, आणि टाक्यांच्या हिशेबाने निम्मे काम होईपर्यंत उंची सुमारे सत्तर टक्के झालेली असते. म्हणून शाल पट्टीने मोजू नये. लोकरीचे गुंडे वजन करून पाहावेत. एकूण लोकरीपैकी किती ग्रॅम संपली हा आकडा काम किती झाले ते अचूक सांगतो, आणि शेवटी टाके बंद करायला लोकर पुरेल की नाही याचाही अंदाज त्यातून येतो.

धावदोरा :
गोधडीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा, असे मी आग्रहाने सुचवेन. समजा ती 90 इंच रुंद आणि 100 इंच लांब आहे, धावदोऱ्याच्या उभ्या ओळी दोन-दोन इंचांवर आहेत आणि एका इंचात आठ टाके पडतात. म्हणजे सुमारे 45 ओळी, एकूण 4,500 इंच शिवण आणि 36,000 टाके झाले. ओळींतील अंतर तीन इंच केले तर हीच संख्या 24,000 वर येते. त्यातच जाड दोरा घेऊन इंचाला पाचच टाके घातले, तर 15,000 टाक्यांत गोधडी पुरी होते. ठसठशीत टाक्यांची गोधडी दिसतेही सुरेख, त्यामुळे यात काही उणे आहे असे मला वाटत नाही. हाताचा वेग सरावाने थोडाफार वाढतो, पण कामाचा आवाका ठरतो तो टाक्यांच्या दाटीवर, आणि ती दाटी सर्वस्वी आपल्या हातात असते.

मात्र अंतर वाढवण्यापूर्वी मधल्या थराच्या पाकिटावरील सूचना अवश्य वाचावी. दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते त्यावर दिलेले असते. ती मर्यादा ओलांडली तर धुण्यात आतला थर सरकून त्याचे गोळे होतात. प्रगती पाहायची असेल तर घड्याळ लावून एक पूर्ण ओळ शिवावी, त्या वेळेला उरलेल्या ओळींनी गुणावे आणि झालेल्या ओळींची वहीत नोंद ठेवावी. पसरलेल्या गोधडीकडे पाहून असा अंदाज करता येत नाही.

साखळीटाका :
भरतकामात सगळे टाके सारखा वेळ घेत नाहीत. देठाचा किंवा साखळीचा टाका रेषेवरून जातो, तर भरीव टाक्याला पाकळीचे सगळे क्षेत्र झाकावे लागते. पाकळीची लांबी-रुंदी दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होते, म्हणून मोठी पाकळी संध्याकाळ घेणारच. सगळी फुले भरीव हवीत का, हा विचार नक्षी छापतानाच करावा. काही फुलांची नुसती बाह्यरेषा ठेवली तर भरीव फुले अधिक उठून दिसतात. दोरा मात्र वारंवार ओवावा लागू नये म्हणून लांब घेऊ नये. अर्ध्या मीटरपेक्षा लांब दोरा पिळतो, त्याला गाठी पडतात आणि कापडातून पुनःपुन्हा ओढला गेल्याने तो झिजतो.

काम बाजूला ठेवण्याविषयी : कापड रिंगमध्ये अडकवून ठेवू नये, कारण तिचा गोल वळ आणि कडेला जमलेला मळ नंतर सहजी जात नाही. पाण्याने जाणाऱ्या पेनाने नक्षी काढली असेल, तर खुणा थंड पाण्याने पूर्ण निघून जाईपर्यंत त्या कापडाला इस्त्री लावू नये. उष्णतेने त्या पक्क्या होतात. शालीसोबत सुईचा क्रमांक, लोकरीचा लॉट नंबर आणि शेवटी विणलेली ओळ एवढे लिहून ठेवावे. सुई दुसऱ्या कामासाठी लागणार असेल तर टाके सुती दोऱ्यावर उतरवावेत.

सुईदोरा :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शाल आजच वजन करते. एकच शंका उरते : गोधडीच्या मध्यभागी दोन इंचांच्या काही ओळी शिवून झाल्या आहेत. बाकीच्या भागात तीन इंच अंतर ठेवले तर काही बिघडेल का?

धावदोरा :
दोन्ही बाजूंना सारख्याच प्रमाणात अंतर वाढवले तर ती रचना मुद्दाम केल्यासारखी दिसेल. दाट शिवणीने कापड थोडे आवळले जाते आणि विरळ भाग सैल राहतो, त्यामुळे मध्य फार दाट आणि कडा फार विरळ झाल्या तर कडांना लाटा येतात. दोन आणि तीन इंचांत हा फरक बेताचाच असतो. तरीही कडेची पट्टी लावण्यापूर्वी गोधडी जमिनीवर सपाट पसरून मध्यावरची लांबी आणि दोन्ही कडांची लांबी मोजावी, पट्टी मध्याच्या मापाची कापावी आणि कडेचा उरलेला सैलपणा टाचण्या लावून तिच्यावर सारखा वाटून घ्यावा.