सैन्य डिझेलच्या दावणीला किती दिवस बांधून ठेवायचं?

जुना_भिडू
सैन्य आणि हवामान बदल म्हटलं की लोकांना साहेब झाड लावतानाचे फोटो आठवतात. मला त्यात काडीचा इंटरेस्ट नाही. माझं म्हणणं सरळ आहे, ज्या सैन्याला डिझेल कमी लागतं ते लढायला भारी, हवा स्वच्छ राहिली तर ते वरचं. अमेरिकन आर्मीने अफगाणिस्तानातला २००७ चा हिशोब काढला होता, इंधनाच्या दर २४ ताफ्यांमागे त्यांचा एक माणूस मेला किंवा जखमी झाला. आणि एवढं जिवावर उदार होऊन पोचवलेलं डिझेल जायचं कुठे, तर त्यातलं बरंचसं तंबू गार ठेवायला! त्यात प्रत्येकाचा जनरेटर वेगळा, अर्ध्याहून कमी लोडवर दिवसभर घरघरत बसलेला, लोड कमी असला की डिझेल नीट जळत नाही, एक्झॉस्टमध्ये काळा चिकटा साचतो आणि मग तोच जनरेटर खोलून बसा. शेवटी तंबूंवर फोमचा जाड थर फवारला तेव्हा एसीचा लोड खाली आला. उरलेला लोड सोलर आणि बॅटरीवर टाका. इराकच्या चढाईनंतर अमेरिकन मरीनच्या जनरल मॅटिसनीच मागणी केली होती की आम्हाला या इंधनाच्या दावणीतून सोडवा. तो माणूस काय झाडं लावणारा होता का?

तिरकस
तंबूपर्यंत मान्य. पण किलोभर डिझेलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते आणि किलोभर बॅटरी पॅकमध्ये जेमतेम पाव युनिट. इंजिन निम्म्याहून जास्त उष्णतेत घालवतं हे धरलं तरी ६० टनी रणगाडा बॅटरीवर कसा पळवणार, आणि चार्जिंगला काय शत्रूला टाइम प्लीज म्हणणार? २०११ ला अमेरिकन नेव्हीने हौसेने साडेचार लाख गॅलन जैवइंधन घेतलं, १.२ कोटी डॉलर मोजून, म्हणजे गॅलनला २६ च्या वर. साध्या इंधनाच्या कैक पट. त्या पैशात सराव झाला असता.

अनामिका
तुम्ही दोघं इंधनातच अडकलात. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायकल चक्रीवादळाने फ्लोरिडातला टिंडल हवाई तळ मोडून टाकला, दुरुस्तीत असलेली एफ-२२ विमानं उडवून नेता आली नाहीत, ती हँगरमध्येच सापडली. एक गोळी न झाडता. उष्म्याचंही तेच, अमेरिकन सैन्यात तापमान, दमटपणा आणि ऊन मिळून काढलेला उष्म्याचा आकडा ३२ सेल्सिअसच्या वर गेला की काळा झेंडा लावतात आणि दमवणारं ट्रेनिंग बंद. गरम हवा विरळ, म्हणजे हेलिकॉप्टर वजनही कमी उचलणार. आणि पूर आला की बोलावणार कोणाला, सैन्यालाच. पाकिस्तानात २०१० ला तेच झालं, सैनिक आणि हेलिकॉप्टर दोन्ही पुराकडे वळवावे लागले.

तिरकस
@अनामिका बरोबर, मग हँगर मजबूत बांधा, तळ उंचावर न्या, मी कधी नाही म्हटलं? पण त्याचा सोलर पॅनलशी काय संबंध? वादळाला तोंड द्यायची तयारी वेगळी आणि धूर कमी करणं वेगळं, एकाच फाइलमध्ये दोन्ही घुसवलं की पैसा फोटोवाल्या कामाला जातो आणि हँगर तसाच राहतो.

रेघोट्या
धूर किती हेच कोणी धड सांगत नाही, माझा राग त्यावर आहे. हवामान बदलावरच्या क्योटो करारात १९९७ ला सैन्यासाठी पळवाट ठेवली, २०१५ च्या पॅरिस करारातही सैन्याचा आकडा देणं ऐच्छिकच. दुसरीकडे २०२२ ला नाटोने जाहीर केलं की संघटना म्हणून २०३० पर्यंत ४५ टक्के कपात आणि २०५० पर्यंत नेट झिरो, म्हणजे निव्वळ धूर शून्य, पण त्यात नाटोची स्वतःची ऑफिसं आणि यंत्रणा, सदस्य देशांची सैन्यं नाहीत. म्हणजे लाडू वाटले, लग्न दुसऱ्याचं.

जुना_भिडू
@रेघोट्या इंधनाचे आकडे उघड केले तर कुठे किती फौज हलली ते शत्रू ताडणार, एवढं तरी मान्य करा.
@तिरकस रणगाडा बॅटरीवर चालवा असं मी कुठे म्हटलं? अमेरिकेचा अब्राम्स रणगाडा इंजिन चालू ठेवून नुसता उभा राहिला तरी तासाला दहाएक गॅलन पितो, जुन्या मॉडेलात टर्बाइन बंद केलं तर रेडिओ नि सेन्सर बॅटरीवर किती वेळ टिकणार? म्हणूनच २०२२ ला हायब्रिड नमुना दाखवला, निम्मं इंधन वाचेल असा कंपनीचा दावा आहे. दाव्यातला निम्मा भाग फेकून दिला तरी टँकरच्या फेऱ्या कमी होतात की नाही?

रेघोट्या
वर्षाचा एकूण आकडा, तोही वर्ष उलटल्यावर, त्यातून कोणाला काय हालचाल कळणार? अमेरिका आपल्या संरक्षण खात्याचा ऊर्जावापर वर्षानुवर्षे छापत आली, त्यांचं काय बिघडलं?

तिरकस
हायब्रिड चालेल. पण उघड्या माळावर चकाकणारी पॅनल ड्रोनला वरून दिसणार नाहीत का?

जुना_भिडू
दिसतील, म्हणून ती मागच्या तळावर. पुढे बॅटरी, आणि डिझेल जनरेटर बॅकअपला, तो फेकायला कोणी सांगितलं? पण त्याचा आवाज रात्री लांबवर जातो आणि थर्मल कॅमेऱ्यात तो भट्टीसारखा दिसतो, तेव्हा चौकीवर रात्री तरी तो बंद पाहिजे.