'मुंज्या' आठ-दहा वर्षांच्या मुलांना दाखवावा का?

शेवग्याची_शेंग (धागाकर्ती):

आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' हा भुताचा सिनेमा (जून २०२४) पोरं हट्टाने मागतात, कारण वर्गात कोणीतरी पाहिलेला असतो आणि जाहिरातीत भूत बुटकं, टकलं, गमतीदार दिसतं. पालक विचारतात, "फार भीतिदायक आहे का?" माझ्या मते प्रश्नच चुकतोय. भूत संगणकावर बनवलंय हे दहा वर्षांच्या मुलाला दोन मिनिटांत समजावता येतं. जड जातो तो सुरुवातीचा १९५२ सालचा भाग. गोट्या (हाच मेल्यावर मुंज्या होतो) सात वर्षांनी मोठ्या मुन्नीशीच लग्न करायचं म्हणून पेटतो आणि जादूटोण्यासाठी सख्ख्या धाकट्या बहिणीचा बळी द्यायला निघतो. तेव्हा भूत अजून झालेलंच नाही, हाडामांसाचा पोरगा आहे! पुढे नायक बिट्टूची आजी (सुहास जोशी) जिवानिशी जाते. आणि सिनेमाभर 'लग्न करायचंय' हा एकच धोशा. समोरची हो म्हणते का, हे विचारण्याची मुंज्याला गरजच वाटत नाही.

म्हणून दहाच्या आत नको. दहा ते बारा, घरी आणि मोठ्यांसोबत. थिएटरात तेराच्या पुढे.

पिंपळपार:

असहमत. आठ वर्षांचं मूल नीट तयारी केली तर पाहू शकतं. सकाळी अकराला लावा, रात्री जेवल्यावर नाही. झोपेआधी चार-पाच तास मध्ये गेले पाहिजेत. खोलीतला दिवा चालू ठेवा. गोष्ट आधीच सांगून टाका, शेवटासकट. मोठ्यांचा रसभंग होतो, मुलांचा होत नाही. पुढे काय येणार हे माहीत असलं की ती विनोद जास्त पकडतात. आणि मध्येच बंद करू नका. अर्ध्यावर सोडलेलं भूत डोक्यात मोकळंच फिरत राहतं. करावंच लागलं तर त्याचं पुढे काय झालं ते त्याच बैठकीत सांगा.

शिवाय 'झपाटलेला' १९९३ पासून घरोघरी लहान पोरं बघतायत. त्यात तर बाहुल्यात शिरलेला गुंड खून करतो.

गावठी_साउंडवाला:

तयारीत एक गोष्ट राहिली. दचकवतो तो आवाज, चित्र नंतर. असल्या प्रसंगात आधी दहा-पंधरा सेकंद शांतता किंवा कुजबुज असते. संवाद ऐकू येत नाही म्हणून आपण रिमोटने आवाज वाढवतो, आणि नेमका तेव्हाच दणका बसतो. उपाय: साउंडबार आणि वूफर बंद, टीव्हीचेच स्पीकर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'नाइट मोड' असेल तर लावा, त्याने हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी होतं. संवादांसाठी सबटायटल लावा.

पोरं घाबरली की डोळे झाकतात, तेही उलटं पडतं. चित्र जातं, आवाज राहतो, आणि उरलेलं चित्र डोकं स्वतः काढतं. कान झाकायला शिकवा. पॉज करायचं तर भुताच्या चेहऱ्यावर कधीच नको. प्रसंग बदलू द्या, मग थांबवा.

थिएटरात यातलं काहीच हातात नसतं. एवढ्यापुरता धागाकर्तीशी सहमत.

शेवग्याची_शेंग:

@पिंपळपार, शेवट आधी सांगणं आठ वर्षांपुढे चालतं, पाच-सहाला नाही. अमेरिकेत जोअॅन कॅन्टर यांनी मुलांच्या भीतीवर बरंच काम केलंय. हल्कच्या मालिकेत साधा माणूस हिरवा राक्षस होतो तेव्हा अगदी लहान मुलं सगळ्यात जास्त घाबरायची. तो चांगल्याच्या बाजूचा आहे हे सांगून भागत नव्हतं, त्यांना दिसेल तेच खरं. म्हणजे आठ वर्षांच्या ताईबरोबर पाच वर्षांचा धाकटा त्याच सोफ्यावर बसला असेल, तर तुमची तयारी निम्मीच.

आणि 'झपाटलेला'तला तात्या विंचू रामदास पाध्यांचा बाहुला आहे. बाहुल्याचं बिंग फोडायला बाहुला हातात देता येतो. संगणकातला मुंज्या काढून दाखवता येत नाही.

दर्भासन:

मराठी घरात मुंजीचा प्रश्न आहे, तो कोणीच काढत नाहीये. मुंज परंपरेने आठव्या वर्षी, म्हणजे धाग्यात चर्चा चाललेल्या वयातच. सिनेमात सांगितलंय की मुंजीनंतर दहा दिवसांच्या आत मेला म्हणून गोट्या मुंज्या झाला. ज्याच्या डोक्यावरून येत्या वैशाखात वस्तरा फिरणार आहे, त्याला टकलू भूत विनोदी वाटेलच असं नाही. असा मुलगा दहा दिवस मोजत बसेल!

खरं तर दहा दिवसांची अट सिनेमाची. लोकसमजुतीत मुंज झाल्यावर सोडमुंजीच्या (ब्रह्मचर्य संपवण्याच्या विधीच्या) आधी गेलेला तो मुंजा. त्याचं घर पिंपळावर (म्हणूनच 'बारा पिंपळांवरचा मुंजा'), आणि बहुतेक गोष्टींत तो खोड्या काढणारा असतो, रक्तपिपासू नाही. हे मुलाला सांगा. मुंज तोंडावर असेल तर मात्र मातृभोजन, भिक्षावळ सगळं आटपू दे, सिनेमा कुठे पळून जात नाही.

पिंपळपार:

हा मुद्दा मान्य, डोक्यातच आला नव्हता. बाकी भूमिका तीच. कोकणात देवचार, चकवा, गिऱ्हा या भुतांच्या गोष्टी मुलं ऐकतच असतात.

दर्भासन:

सांगणारी आजी पोराचं तोंड बघून गिऱ्ह्याला दोन इंच लहान करते. सिनेमा सगळ्यांना एकच माप देतो.

चहाटळ:

सेन्सॉरने यूए दिलंय ना? मग एवढा काथ्याकूट कशाला?

शेवग्याची_शेंग:

यूए म्हणजे 'मुलांना चालेल' असं नाही, 'पालकांनी ठरवावं' असं. 'ए' असेल तर दारावर अडवतात, यूएला कोणी अडवत नाही. 'मुंज्या' आला तेव्हा नुसतं यूए होतं. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ठरलेले त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग प्रत्यक्षात त्यानंतर लागू झाले, पण त्यांतही निर्णय पालकांचाच. ओटीटीवर १३+ आणि वरच्या गटांसाठी पालकांचं कुलूप द्यावं लागतं. ते असतं, पण प्रोफाइलला पिन न लावल्याने बहुतेक घरांत उघडंच.

चहाटळ:

बरं. मग १९५२ चा भाग सरळ पुढे ढकलून पुण्यापासून सुरू केला तर? बिट्टू, त्याची आई पम्मी (मोना सिंग), पार्लर, सगळं हलकंफुलकं.

गावठी_साउंडवाला:

नाही जमणार. ती बहीण म्हणजेच आजी. सुरुवात गाळली तर आजी एवढी का घाबरते आणि मुंज्या याच घराच्या मागे का लागतो, दोन्ही कळत नाही. न कळलेलं जास्त घाबरवतं.

शेवग्याची_शेंग:

तेवढा भाग तोंडी सांगा, दोन मिनिटांत. "गोट्याला 'नाही' ऐकायची सवय नव्हती, म्हणून त्याने बहिणीलाही दुखवायचं ठरवलं, आणि त्यातच तो स्वतः मेला." मग पुण्यापासून लावा. आजीचा प्रसंग येण्याआधी मूल तुमच्या बाजूला सरकलेलं असू दे.

पिंपळपार:

या पद्धतीने नऊ वर्षांवर तडजोड करायला तयार आहे. आठ अजून सोडलेलं नाही.