'लिटल बर्ड'बद्दल लिहिताना: आश्रमशाळा की निवासी शाळा?

प्रश्न : कॅनडातल्या 'लिटल बर्ड' (२०२३, सहा भाग) या मालिकेवर लेख लिहायचा आहे. तिथल्या आदिवासी मुलांसाठीच्या 'रेसिडेन्शियल स्कूल'ला आश्रमशाळा म्हटलं तर चालेल? आणि 'सिक्स्टीज स्कूप'ला, म्हणजे आदिवासी मुलं घरातून काढून बिगर-आदिवासी कुटुंबांत देण्याच्या प्रकाराला, काय म्हणायचं?

उत्तर १ : आश्रमशाळा नको. कारभार कसाही असो, आपल्याकडे मुलाचं नाव आईबापच घालतात आणि सुट्टीत पोर पाड्यावर येतं. कॅनडात 'इंडियन अ‍ॅक्ट' या आदिवासींविषयीच्या कायद्यातल्या १९२० च्या दुरुस्तीने हजेरी सक्तीची झाली, मूल न पाठवणाऱ्या पालकांना शिक्षेची तरतूद होती. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा, आणि घरची भाषा बोलली की मार. अशी सुमारे दीड लाख मुलं. नुसतं 'निवासी शाळा' म्हटलं तर वाचकाला पाचगणी आठवेल, म्हणून पहिल्या उल्लेखाला 'सक्तीची निवासी शाळा' लिहा.

उत्तर २ : पण मालिकेचा गाभा 'स्कूप' आहे, शाळा नव्हे. नायिकेला, पाच वर्षांच्या बेझिगला, सस्कॅचवान प्रांतातल्या घरातून बालकल्याण खातं नेतं आणि ती मॉन्ट्रियलच्या ज्यू कुटुंबात एस्थर म्हणून वाढते. 'इंडियन अ‍ॅक्ट'मधल्या १९५१ च्या दुरुस्तीमुळे प्रांतांचे कायदे रिझर्व्हवर (आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर) लागू झाले, तिथून ही वाट उघडली. भरपाईचे करारही वेगळे : शाळांचा २००६ चा, स्कूपचा २०१७ चा.

'दत्तक मोहीम' म्हणाल तर आईबापांची संमती होती असं वाटेल. 'उचलणे' हे क्रियापद नेमकं आहे, पोलिसांनी उचलला म्हणतो तसं. मात्र 'उचल' हे नाम टाळा, ती ऊसतोड मजुराची! नाम 'सिक्स्टीज स्कूप' हेच ठेवून पुढे 'उचलून नेलेली मुलं' म्हणा. नावात साठचं दशक असलं तरी हे ऐंशीच्या दशकापर्यंत चाललं, तेवढं एका वाक्यात सांगून टाका.

उत्तर ३ : 'सर्व्हायव्हर'ला 'वाचलेले' नको, पुस्तक वाचल्यासारखं दिसतं. 'पीडित'मध्ये माणूस नुसता सोसणारा उरतो. मी 'तगलेले' वापरेन. २००८ च्या सरकारी माफीनाम्यात 'माजी विद्यार्थी' आहे; मराठीत त्याने थेट स्नेहसंमेलनच डोळ्यांपुढे येतं.

'इंडियन अ‍ॅक्ट' तसाच राहू द्या, 'भारतीय कायदा' केलात तर घोळ. 'आदिवासी' चालेल, 'मूलनिवासी'ला आपल्याकडे वेगळा राजकीय अर्थ आहे. बेझिग म्हणजे ओजिब्वे भाषेत 'एक', पण नावाचं भाषांतर नको.

उत्तर २ : 'रिझर्व्ह'ला 'राखीव वसाहत' म्हणा. 'आरक्षण' लिहिलंत की वाचक नोकरीच्या कोट्याकडे वळलाच.