मदत हवी आहे: भूतान, आई आणि ताक्त्सांगची चढण

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात मी, बायको आणि 64 वर्षांची आई असे तिघंच भूतानला निघालोय. ग्रुप टूर नको. स्वतःची गाडी, स्वतःचा गाइड. भारतीयांना माणशी एका रात्रीचे 1200 रुपये सरकारी पर्यटन शुल्क पडतं, ते हिशोबात धरलंय.

अडलंय ते पारोच्या ताक्त्सांग मठापाशी. उंची सुमारे 3120 मीटर. घोडा अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच, पुढे पायऱ्या आणि उतरताना सगळं पायी. आई रायगड चढलीय, पण तेव्हा गुडघे चाळिशीतले होते! कुणी या वयाच्या माणसाला नेलंय का? आधी किती दिवस पारोत राहावं?

आम्हा दोघांना पारो ते थिंफू हा काही दिवसांचा द्रुक पाथ ट्रेकही करायचाय. तोवर आईला थिंफूत हिंदी बोलणारी सोबत मिळेल का?